जॉब कार्डाची पाठचिकित्सा

मोटार विकत घेणाऱ्याच्या वाट्याला दोन ग्रंथ येतात. पहिला गाडीबरोबरच येतो आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये, विम्याच्या व पीयूसीच्या कागदांखाली, प्लॅस्टिकच्या पाकिटात निद्रिस्त असतो. त्याला मालकपुस्तिका म्हणतात. तो सहसा कोणी वाचत नाही. दुसरा ग्रंथ दर वर्षी नव्याने रचला जातो. गाडी सर्व्हिसिंगला टाकली, की काउंटरपलीकडचा तरुण संगणकावर बोटे चालवतो आणि छापील कागद पुढे सरकवतो. त्याला एस्टिमेट किंवा जॉब कार्ड म्हणतात. तो सगळे वाचतात, पण शेवटच्या ओळीतील बेरजेपुरताच. पहिल्या ग्रंथात जे आहे आणि दुसऱ्यात जे अवतरते, त्यांमधील अंतराचा विचार येथे करावयाचा आहे.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एकाची नोकरी नाशिक शहरात, दुसऱ्याची दिंडोरी तालुक्यात. यंत्रशास्त्राशी आमचा संबंध नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे या शहरात पाना हातात धरणाऱ्यांची कधी वाण पडली नाही. महिंद्राच्या कारखान्यात गाड्या तयार होतात. आज ‘बॉश’ नावाने चालणाऱ्या, पण नाशिककरांच्या तोंडी अजून ‘मायको’च असलेल्या कारखान्याने डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल घडवणारी कुशल माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोसली. अशा गावात राहून आम्हांला स्पार्क प्लग आणि फ्यूज यांतील भेद सांगता येत नव्हता, हे नमूद केलेले बरे. मात्र आमच्या अभ्यासक्रमात एक विषय असा होता, की जो या कामी अनपेक्षितपणे उपयोगी पडला. तो म्हणजे पाठचिकित्सा.

हस्तलिखितांची परंपरा ज्यांनी थोडीफार चाळली आहे, त्यांना हे ठाऊक असेल. मूळ ग्रंथ एक असतो; नकला करणारे अनेक असतात. कोणी अनवधानाने शब्द बदलतो, कोणी भक्तिभावाने ओवी घालतो, कोणी आपल्या गावच्या देवाचे माहात्म्य मध्येच खुपसून देतो. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच कारणासाठी. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९मध्ये हाती घेतले आणि ते १९६६मध्ये पूर्णत्वास नेले. त्या आवृत्तीतील एक गोष्ट आम्हांला विद्यार्थिदशेपासून मोहवीत आली आहे. संपादकांनी प्रक्षिप्त भाग फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. संहितेत जागा नाही, पण नोंद आहे. कारण प्रक्षेपालाही काही सांगायचे असते, निदान तो घालणाऱ्याविषयी तरी.

आमची गाडी सात वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, बासष्ट हजार किलोमीटर धावलेली. तिची वॉरंटी केव्हाच संपलेली. गेल्या वर्षीच्या सर्व्हिसिंगला हाती आलेल्या एस्टिमेटमध्ये एकोणीस ओळी होत्या आणि बेरीज होती एकवीस हजार सहाशे चाळीस रुपये. आम्ही तो कागद सही न करता घरी आणला, पुस्तिकेतील देखभालीचा तक्ता शेजारी उघडला आणि पेन्सिल घेऊन दोन्ही संहिता ओळीला ओळ लावून ताडून पाहिल्या.

निष्कर्ष असा निघाला. एकोणीसपैकी सात कामे मूळ संहितेत होती: इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, ऑइल सोडण्याच्या बोल्टचा वॉशर, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, ब्रेकची तपासणी व सफाई, आणि ब्रेक ऑइल. चार कामे मूळचीच, पण अकाली किंवा सशर्त: कूलंट आणि स्पार्क प्लग यांना पुस्तिकेच्या हिशेबाने अजून अवधी होता, वायपरचे ब्लेड झिजले तरच बदलायचे, अलाइनमेंट-बॅलन्सिंग गाडी एका बाजूला ओढत असेल, स्टिअरिंग थरथरत असेल किंवा टायर एका कडेने खात असेल तर करायचे. उरलेल्या आठ ओळींचा पुस्तिकेत मागमूस नव्हता: इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी ट्रीटमेंट, अंडरबॉडी कोटिंग, ‘इंटिरिअर एनरिचमेंट’ नावाचे एक प्रकरण आणि उंदीर पळवून लावणारा फवारा. बेरजेतील निम्म्याहून अधिक रक्कम या आठांची होती.

येथे भाषेच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे, असे काही आहे. मूळ संहितेतील क्रियापदे साधी आहेत: तपासा, बदला, भरा. प्रक्षिप्त ओळींत क्रियापद जवळजवळ नसतेच. नामे असतात, आणि तीही रुग्णालयातून किंवा प्रसाधनगृहातून उसनी आणलेली. ट्रीटमेंट, प्रोटेक्शन, एनरिचमेंट. काय करणार, कशाने करणार, न केल्यास काय बिघडणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या नामांत सापडत नाही.

तथापि ही आठही कामे शुद्ध बनाव आहेत, असे म्हणणे पाठचिकित्सेच्या शिस्तीला धरून होणार नाही. प्रत्येक प्रक्षेपाच्या मुळाशी कधीकाळचे एखादे सत्य असते. फियाटच्या, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीच्या, काळात कार्ब्युरेटर होता, कॉन्टॅक्ट पॉइंट होते; ते घासावे लागत, त्यांतील फट जुळवावी लागत असे, हवा-पेट्रोलचे प्रमाण कानाने ऐकून बसवावे लागत असे. इंजिन उघडून कार्बन खरवडणे हे तेव्हा खरोखरच नेमाचे काम होते. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी उतरली. कार्ब्युरेटर त्याच्या कितीतरी आधी, प्रदूषणाच्या मानकांनी, नव्या मोटारींतून हद्दपार केला होता. आज हवा-पेट्रोलचे प्रमाण क्षणोक्षणी संगणक ठरवतो. यंत्र बदलले, ‘ट्यूनिंग’ची श्रद्धा उरली आणि तिच्या जागी डीकार्बनायझिंगची ओळ येऊन बसली.

त्या ओळीलाही परिशिष्टात जागा आहेच. ज्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यांच्या इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, कारण तेथे पेट्रोलचा स्पर्शच होत नाही. आमच्या गाडीत पेट्रोल व्हॉल्व्हच्या अलीकडेच फवारले जाते, त्यामुळे ते व्हॉल्व्ह आपोआप धुतले जातात. थ्रॉटल बॉडी मळली, की गाडी उभी असताना इंजिन चढउतार करते. तसे होत असेल तर ती जरूर साफ करावी. लक्षण दिसले तर उपचार, एरवी नाही. परिशिष्टातील श्लोक प्रसंग पडल्यावर उघडून पाहायचे असतात. रोजच्या पारायणात ते म्हणायचे नसतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो पेन्सिलने खुणा केलेला कागद घेऊन गेलो. काउंटरपलीकडचा तरुण आमच्यापैकी एकाचा माजी विद्यार्थी निघाला. निफाड तालुक्यातला, घरी थोडी द्राक्षबाग, मराठी घेऊन बी.ए., दोन वर्षे स्पर्धा परीक्षा, मग ही नोकरी. कागदावरच्या खुणा पाहून तो आधी हसला, मग थोडा ओशाळला.

“सर, मॅडम, तुम्ही वाचून आलात म्हणून सांगतो,” तो आवाज खाली आणून म्हणाला. “ऑइल-फिल्टरवर आमचं टार्गेट नसतं. ते होणारच असतं. टार्गेट असतं या आठांवर. महिन्याला ठरलेला आकडा झाला नाही, तर इन्सेन्टिव्ह जातो.”

“आणि तुला स्वतःला काय वाटतं रे यांबद्दल?”

“माझ्या भावाच्या गाडीत मी यांतलं एकही करत नाही.”

या उत्तरावर रागावणे सोपे होते. पण ज्या व्यवस्थेत गाडी विकून फारसे सुटत नाही आणि कमाई पार्ट, मजुरी व अशा जोडकामांतून काढायची असते, तेथे प्रक्षेपकार हा बहुधा सर्वांत कमी पगाराचा माणूस असतो. पोथीची नक्कल करणाराही दक्षिणा देणाऱ्याच्या मर्जीनेच ओव्या घालीत असेल. आमच्या आठ ओळींवर त्याने निमूटपणे फुली मारली. त्यात त्याचे काही गेले, हे आम्हांला आणि त्यालाही कळत होते.

खरा विचार करायला लावणारी घटना यानंतरची. शेजारच्या खुर्चीवर साठी उलटलेले एक गृहस्थ आपले एस्टिमेट घेऊन बसले होते. आमचे बोलणे त्यांनी ऐकले असावे. ते उठले आणि म्हणाले, “माझंही तसंच करा. फक्त ऑइल आणि फिल्टर. बाकी सगळं काढून टाका.”

आमच्या विद्यार्थ्याने त्यांचा कागद पाहिला. “काका, बाकीचं काढतो. पण ब्रेक ऑइल राहू द्या. चार वर्षं झालीत, बदललेलं नाही.”

“हे बघा, सगळे एकाच माळेचे मणी. तेही काढा.”

तो खरे बोलत होता. अंतःकरणापासून, टार्गेटच्या बाहेर जाऊन, कदाचित त्या दिवसात पहिल्यांदाच. आणि त्याचे कोणी ऐकत नव्हते.

ब्रेक ऑइल हे नावापुरतेच ऑइल. प्रचलित डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारांत तो ग्लायकॉलच्या कुळातील द्रव असतो आणि हवेतील बाष्प शोषून घेणे हा त्याचा स्वभाव. पाणी मुरले, की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. मानकाप्रमाणे कोरड्या डॉट ३चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरलेल्यासाठी ती मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. डॉट ४साठी हेच आकडे २३० आणि १५५. नाशिकच्या सपाट रस्त्यांवर यातले काहीच जाणवणार नाही. पण कसारा घाट उतरताना, पुढे ट्रकची रांग आणि पाय सतत ब्रेकवर असताना, चाकापाशी उष्णता साठते. त्या उष्णतेने द्रवाला उकळी फुटली, तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, म्हणून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल नुसतेच खाली जाते. म्हणून अनेक पुस्तिका दर दोन वर्षांनी हा द्रव बदला, असे सांगतात. खर्च काही शेकड्यांचा. काम अदृश्य, केल्याने गाडी चकाकत नाही, आवाज बदलत नाही, वास येत नाही.

अनावश्यक कामांचा खरा तोटा आम्हांला तेथे उमगला. पैसे जातात हे तर आहेच. पण पैसे पुन्हा मिळवता येतात. आठ खोट्या ओळी नवव्या खऱ्या ओळीची पत घालवतात, ही हानी मोठी. ग्राहक दोनपैकी एक होतो: सगळ्यावर सही करणारा भाविक किंवा सगळ्यावर फुली मारणारा नास्तिक. भाविक लुटला जातो. नास्तिक घाटात उतरतो. दोघांनीही वाचलेले नसते.

आम्ही त्या गृहस्थांना आमच्या पुस्तिकेतील तक्ता दाखवला. त्यावर त्यांचा विश्वास बसला असे नाही. गाडी वेगळ्या मॉडेलची होती, आणि आम्हीही त्यांना परकेच. पण त्यांनी आपल्या गाडीतली पुस्तिका मागवली. ती अजून सीलबंद पाकिटात होती. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून त्यांनी तक्ता वाचला आणि काही न बोलता ब्रेक ऑइलच्या ओळीपुढे स्वतःच्या हाताने बरोबरची खूण केली.

आता स्वतःच्या हातांविषयी. एअर फिल्टरचे झाकण बहुतेक गाड्यांत चार-पाच क्लिपांनी बसवलेले असते. एसीचा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. दोन्ही बदलायला पाऊण तास लागला, तोही पहिल्यांदा. दिंडोरीकडच्या धुळीच्या रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर तक्त्यातील अवधीच्या आधीच राखाडी झालेला दिसला. पुस्तिकेत ‘कठीण परिस्थिती’साठी वेगळा तक्ता असतो, धूळ, छोट्या फेऱ्या, रखडती वाहतूक यांसाठी, तो याच कारणासाठी वाचावा. वायपरचे ब्लेड, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याने धुणे, काचेच्या फवाऱ्याचे पाणी, थंड इंजिनावर ऑइलची पट्टी काढून पातळी पाहणे, कूलंटच्या बाटलीवरील खुणा पाहणे ही सारी घरच्या अंगणातली कामे. उंदरांसाठी फवाऱ्यापेक्षा गाडी कचराकुंडीपासून दूर आणि वापरात ठेवणे अधिक उपयोगी, असा आमच्या सोसायटीचा सामुदायिक अनुभव.

टायर हे तर वाचण्यासारखे वाङ्मयच आहे. त्याच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा, ही त्याची जन्मतारीख. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, की खाच १.६ मिलिमीटर उरली असे समजावे, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९नुसार मोटारीसाठी तीच किमान मर्यादा. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून नाशिककरांना कसारा घाटाला पर्याय मिळाला. मात्र या महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे, आणि त्या वेगात हवा कमी असलेला किंवा जुनाट टायर ब्रेक ऑइलइतकाच जिवावर बेतू शकतो. हवा तपासायला जॉब कार्ड लागत नाही.

काही कामांपासून मात्र आम्ही हात आखडता घेतला, आणि तो आखडता ठेवण्याचा सल्ला इतरांनाही देऊ. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये. ब्रेकच्या नळीत हवा शिरली तर घरी निघत नाही. एअरबॅगच्या पिवळ्या आणि विजेवरील गाड्यांच्या केशरी वायरींना हात लावू नये. इंजिन ऑइल घरी बदलणे तसे अवघड नाही. पण जुने ऑइल टाकायचे कोठे? ते घातक कचऱ्यात मोडते, आणि गटारात ओतले तर नासर्डीतून गोदावरीत जाते. ते गॅरेजवाल्याने गोळा करणाऱ्याला द्यावे, हेच योग्य.

राहिला प्रश्न कंपनीचे वर्कशॉप की ओळखीचे गॅरेज. याबाबत भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४चा आदेश प्रत्येक मोटारमालकाला ठाऊक असायला हवा. स्वतंत्र गॅरेजांना मूळ पार्ट आणि तपासणीची साधने सहजी मिळू न देणे हे स्पर्धेला मारक आहे, असे ठरवून आयोगाने १४ मोटार उत्पादकांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अटीलाही त्या आदेशाने आक्षेप घेतला. प्रकरण पुढे अपिलांत गेले; डिसेंबर २०१६मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांविरुद्धचा निष्कर्ष कायम ठेवून दंडाचा हिशेब मात्र खाली आणला. अमेरिकेत अशाच बांधिलकीला १९७५च्या वॉरंटी कायद्याने लगाम घातला होता. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. तरीही वॉरंटीच्या काळात तक्त्यातील कामे वेळेवर करावीत आणि प्रत्येक बिल तारीख-किलोमीटरसह जपून ठेवावे, एवढा व्यवहार पाळावा. वादाच्या प्रसंगी कागदच बोलतो.

आमचे अंतिम बिल सात हजार एकशे ऐंशी रुपये झाले. घरी केलेल्या कामांच्या सामानाला आणखी साडेअकराशे. वाचलेल्या रकमेचा आनंद झाला, पण तो लवकरच ओसरला. टिकली ती एक सवय. कोणतीही शिफारस समोर आली, की तीन प्रश्न विचारायचे: हे पुस्तिकेत आहे का? त्याची वेळ झाली आहे का, किंवा लक्षण दिसते आहे का? न केल्यास नेमके काय होईल? तिसऱ्या प्रश्नाला जो सरळ उत्तर देतो, त्याचे ऐकावे, मग तो काउंटरपलीकडचा असो वा द्वारकेच्या गॅरेजमधला मिस्त्री.

वर्गात आम्ही प्रक्षेपांविषयी शिकवतो, तेव्हा मुले विचारतात, की चारशे-पाचशे वर्षांपूर्वी कोणी दोन ओव्या जास्त घातल्या, तर त्याने आज काय बिघडते? यंदा आम्ही उत्तर म्हणून एक जुने जॉब कार्ड फळ्यावर उतरवले, एकोणीस ओळींचे, आणि त्यांतील कोणती ओळ माणसाचा जीव वाचवते, ते शोधून काढायला सांगितले. पहिल्या तासाला एकालाही सापडली नाही. दुसऱ्या दिवशी तिघीजणी आपापल्या घरच्या गाड्यांच्या पुस्तिका घेऊन आल्या होत्या.